वरच्या मजल्याचं दुपारचं बिल

एक मे. एकाहत्तर युनिट, युनिटला आठ रुपये, म्हणजे पाचशे अडुसष्ट. जागा आमच्या घराच्या जिन्याखालची, जिथे वरच्या मजल्याचं मीटर आहे. हजर तिघे होतो : मी, टॉर्च धरून उभी असलेली माझी बायको सुनंदा, आणि वर भाड्याने राहणारी मंजुषा. मंजुषेला विचाराल तर ती चौघे सांगेल. चौथा तिचा नवरा. त्याला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

ते पाचशे अडुसष्ट रुपये मी मोजून घेतले. त्यातले तीनशे चौऱ्याऐंशी माझे नव्हते, आणि घेताना मला ते ठाऊक होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदालाही नाही. आता तुम्हाला सांगतो आहे — का, ते विचारू नका. मला नीट सांगता येणार नाही.

कुठून सुरू करू? घरापासूनच करतो.

मानेवाड्याकडच्या एका ले-आउटमध्ये आमचं घर आहे. खाली आम्ही दोघं, वरचा मजला भाड्याचा. मी एका पतसंस्थेत हिशेब तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. वरचा मजला बांधून झाला तेव्हा प्रश्न एवढाच होता — भाडेकरूचं सगळं आपण पाहायचं, की एखाद्या एजन्सीकडे सोपवायचं? एक एजन्सीवाला येऊनही गेला. दरमहा भाड्याचे आठ टक्के आणि प्रत्येक नव्या भाडेकरूमागे एका महिन्याचं भाडं. त्या बदल्यात भाडं तेच वसूल करणार, वर्षातून एकदा नळ आणि वायरिंग तपासणार, काही वाद झाला तर तेच निस्तरणार.

सुनंदा म्हणाली, “अहो, देऊन टाका ना. काहून डोक्याले ताप करून घेता?”

मी गुणाकार केला आणि नाही म्हटलं. माझं म्हणणं असं होतं की घर ज्याचं, जबाबदारी त्याची. हे मी चारचौघांत सांगत असे. आमच्या भागात बरेच घरमालक विजेचा आकडा नुसता तोंडी सांगतात आणि भाडेकरू देऊन मोकळा होतो. मी तसं कधी केलं नाही. दर पहिल्या तारखेला जिन्याखाली एकत्र उभं राहायचं, आणि आकडा भाडेकरूनेच मोठ्याने वाचायचा, मी नाही. ही पद्धत मी स्वतः पाडली होती. मला तिचा अभिमान होता.

मंजुषा आणि दिनेश आमचे पहिले भाडेकरू. ती जवळच्या खासगी शाळेत विज्ञान शिकवायची. तो कळमेश्वरला एका कारखान्यात, कायम रात्रपाळीला. सकाळी आठला यायचा, जेवायचा, आणि दुपारभर कूलर लावून झोपायचा. आम्हाला दोघं काकाजी-काकू म्हणत. दिनेश मोठ्याने हसणारा माणूस होता. जिना उतरताना त्याची चाहूल आधी लागायची, मग तो दिसायचा.

त्यांच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, होळीच्या सुमारास, आम्ही नवा कूलर घेतला. मोठा, पत्र्याचा. तो समोरच्या खोलीच्या जिन्याकडच्या खिडकीत बसवायचा होता, आणि तिथे प्लग नव्हता. इलेक्ट्रिशियन आला. त्याने जिन्याखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “हा डबा जवळ पडते, काकाजी. इथूनच घेऊन टाकतो. तिकडून आणाले गेलो तं वायर लागन.”

मी विचारलं, “किती वाचेल?”

“बारा मीटर तं वाचनच.”

“मग घे इथूनच.”

हिशेब तपासणारा माणूस मी — आणि मी एकच आकडा विचारला. डबा कोणत्या मीटरचा, हे विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात वरचं बिल वाढलं. दिनेश हसत म्हणाला, “काकाजी, तुमचं मीटर तं माझ्या गाडीपेक्षा जास्त पळून राहिलं!” मी म्हटलं, दिवसभर कूलर लावून झोपता ना तुम्ही. त्याला ते पटलं. मलाही पटलं — इथवर मी निर्दोष होतो, एवढं लिहू द्या.

डिसेंबरच्या शेवटी, पहाटेच्या धुक्यात, पाळी संपवून येताना त्याच्या गाडीला ट्रकने धडक दिली.

मंजुषा घर सोडून गेली नाही. कूलर तिने भावाला देऊन टाकला. वर एक पंखा, एक ट्यूबलाइट आणि ती. फेब्रुवारीत चौदा युनिट आले. मग होळी झाली, गल्लीत सगळ्यांचे कूलर माळ्यावरून खाली उतरले, वाळ्याच्या नव्या ताट्या बसल्या, आमचाही लागला. एक एप्रिलला तिने वाचलेला आकडा मागच्यापेक्षा छत्तीसने जास्त होता. तिने तो परत वाचला. पैसे दिले.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ती भिवापूरला माहेरी गेली. आठ दिवसांनी परतली ती भर दुपारी. नागपूरची एप्रिलमधली दुपार तुम्हाला माहीत असेल — रस्त्यावर कुत्रंही नसतं, आणि सगळ्या घरांतून एकच घरघर ऐकू येते. तिने दार वाजवलं. बॅग अजून हातात होती, वर गेलीच नव्हती. मला जिन्याखाली घेऊन गेली.

“मी मेन स्विच पाडून गेली होती, काकाजी. निघताना मीटरचा फोटो काढला होता. आज पाहते तं तेरा युनिट जास्त. आणि आता बी पाहा ना —”

जिन्याखाली अंधार असतो. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू मीटरचा लाल दिवा दिसतो. वीज वापरली जात असेल तेव्हाच तो लुकलुकतो. वर दाराला कुलूप होतं. मेन स्विच बंद होता. आणि दिवा लुकलुकत होता — सावकाश, एका लयीत. नाडी चालावी तसा.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू?

तीच शांतपणे म्हणाली, “मी विज्ञान शिकवते, काकाजी. मले असलं पटत नाही. वायरिंगमध्ये काही घोळ असन. तुम्ही पाहून द्या. तुम्ही म्हणसान ते खरं.”

ती वर गेली. मी डबा उघडला. मीटरच्या खालून दोन वायरी निघत होत्या. एक वर जात होती, तिच्या मेन स्विचकडे. दुसरी भिंतीतल्या भोकातून आमच्या खिडकीकडे. तरी खात्री करायला मी आत गेलो. कूलरसमोर सुनंदा झोपली होती. मी कूलर बंद केला, बाहेर येऊन पाहिलं — दिवा थांबला होता. परत आत गेलो, कूलर लावला, बाहेर आलो. दिवा लुकलुकत होता. सुनंदा झोपेतच म्हणाली, “लाइट गेली होती का वं माय?”

दहा मिनिटांत सगळं कळलं. वर्ष उलटून गेलं होतं त्या वायरीला. आधी तिच्या नवऱ्याने आणि आता तिने आमच्या कूलरचं बिल भरलं होतं.

मंजुषा खाली आली आणि जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबली. चेहऱ्यावर भीती नव्हती. ती नुसती वाट पाहत होती. मला एक वाक्य बोलायचं होतं — माझी चूक झाली, एवढंच. पैसे परत करायचे होते, तेही फार नव्हते. मग का नाही बोललो?

पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की मला तिची दया आली. पण तेव्हा दयेचं कारणच नव्हतं. ती तर मला घोळ शोधायला सांगत होती. खरं कारण लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच लिहायला जड जातं. दर महिन्याला तिला आकडा वाचायला लावणारा मी — तिच्यासमोर उभा राहून “मीच” असं म्हणणं मला जमलं नाही. मला वाटलं, वायर हळूच बदलून घेऊ, पैसे पुढच्या बिलांत वळते करू. कळणारही नाही.

मी म्हणालो, “वायरिंग ठीक आहे. मीटरही बरोबर आहे.”

ती हळूच पायरीवर बसली. बराच वेळ दिव्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मंग हे येऊन राहिले. दुपारचीच झोप होती ना त्यायची.”

आणि ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

वायर मी बदलली नाही. एक मेला पाचशे अडुसष्ट घेतले.

तेव्हापासून ती शाळेत जाताना खाटेवर चादर घालून जाऊ लागली. उशाशी पाण्याचा पेला, पायाशी ओला टॉवेल. संध्याकाळी पेला अर्धा व्हायचा. तिने एकदा मला वर बोलावून दाखवला. “पाहा, काकाजी. पिऊन राहिले.” शेहेचाळीस डिग्रीत उघड्या पेल्यातलं पाणी कुठे जातं, हे मला कळत होतं. तिलाही कळायला हवं होतं. विज्ञान तीच शिकवत होती. पण आता तिच्यामागे माझा शब्द होता — आणि तो शब्द तिने पाण्यापेक्षाही पक्का धरला. मी पेल्याकडे पाहून मान हलवली. त्या मान हलवण्याचं काय करू?

पाऊस लागला, कूलर माळ्यावर गेला, दिवा दुपारचा थांबला. ती म्हणाली, “आता थंडावा झाला. गेले.” पुढच्या होळीनंतर, रीडिंगच्या वेळी, आकडा वाचून तिने सुनंदाकडे पाहिलं. पाहुणा गावाहून आल्याचं सांगावं तसं म्हणाली, “आले, काकू.”

सुनंदा घाबरली. ती एकटी जिन्याखालून जाईना. “मले भेव वाटते, अहो. त्या एजन्सीले देऊन टाका. ते जाणे आणि ते वरचे जाणे.” तिने स्वतःच फोन केला आणि एजन्सीचा मुलगा परत आला. चांगला बोलला. जाता जाता म्हणाला, “पहिले आम्ही वायरिंग चेक करतो, सर. आमचा माणूस येऊन मीटरचा डबा पाहून जाईल.”

मी नाही म्हटलं. सुनंदाला कारण सांगितलं — आठ टक्के. तिने कपाळावर हात मारला. “पैसे कवटाळून बसा मंग!” तिला वाटलं मी चिक्कू आहे. मला ते बरं वाटलं. चिक्कू म्हणवून घेणं सोपं होतं.

त्याच उन्हाळ्यात मंजुषेचा भाऊ किशोर भिवापूरहून आला. मिरचीचा व्यापार करतो. त्याच्या कपड्यांना तो ठसका कायम असतो, बसला की आम्हाला शिंका येतात. तो तिला न्यायला आला होता. तिकडच्या शाळेत जागा होती. एक स्थळही होतं — बायको वारलेला माणूस, पदरी मूल नाही, मंजुषेला एकदा भेटायला तयार. ती एकतीसची होती.

वर बराच वेळ आवाज चालले. मग किशोर खाली आला, घाम पुसत. “काकाजी, मी भांडून थकलो. मी म्हटलं, अवं बाई, भूत असतं तं लाइटचं बिल कायले वाढवलं असतं? अंधारातच बसलं असतं ना! तं म्हणते, त्यायले उकडते.” तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. “ती म्हणते, मी गेली तं हे दुपारी येऊन कोणाच्या घरात झोपतीन? तुम्हीच सांगा आता. तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही ती. मीटरमध्ये काही घोळ आहे का? असन तं सांगून टाका. मी पाया पडतो तुमच्या.”

तो खरंच वाकला.

त्याच्या मागे खिडकीत कूलर चालू होता. त्याच्या शर्टाची बाही त्या वाऱ्याने हलत होती.

मी म्हणालो, “मीटर बरोबर आहे. मी स्वतः तपासलं आहे.”

मीटर बरोबरच होतं. त्यात एका युनिटचीही चूक नव्हती. असं वाक्य मी शोधून ठेवलं होतं, ज्यात शब्दाला शब्द खरा. किशोर एकटाच भिवापूरला गेला. त्या स्थळाचं पुढच्या दिवाळीत दुसरीकडे जमलं, असं सुनंदाने मला सांगितलं.

दिनेश गेल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मी धीर केला. सांगण्याचा नव्हे — वायर काढण्याचा. होळीच्या आधी कूलरचा प्लग आतल्या खोलीतून जोडून घेतला. वाटलं, हळूहळू तुटेल तिचं. एक एप्रिलला तिने आकडा वाचला. बावीस युनिट. तिचेच सगळे.

“काकाजी, परत टॉर्च मारा ना.”

मी मारला.

“आले नाही,” ती म्हणाली. “मी काही चुकली का?”

त्या दिवसानंतर ती शाळेत गेली नाही. सुनंदा ताट घेऊन वर जायची आणि तसंच खाली आणायची. आठवडाभराने सुनंदा म्हणाली, “पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली आहे. मी बोलते तं माझ्याकडं पाहत बी नाही. मरन अशानं.”

आता तरी सांगायचं होतं, नाही का? जिना चढायचा, बारा-पंधरा पायऱ्या. मी उठलो, बाहेर आलो — आणि जिन्याखाली वळलो. खिडकीतून कूलरची वायर ओढली आणि जुन्या प्लगला लावली. अंधारात दिवा परत लुकलुकू लागला. मी त्याच्यासमोर किती वेळ उभा होतो, ठाऊक नाही. त्या क्षणी मला एक विचित्र गोष्ट वाटली : दिनेशला मी परत आणलं. आणि परत नेऊही शकत होतो. एवढी सत्ता माझ्या हातात कधी नव्हती. मला तिची शिसारी आली, हे खरं. पण फक्त शिसारीच आली असं म्हटलं, तर ते खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी ती खाली आली. वेणी घातलेली, शाळेची साडी. सुनंदाला म्हणाली, “यंदा उशीर केला यांनी. मी बोलणारच नाही दोन दिवस.”

यंदा होळीनंतर ती गेली. आई आजारी पडली, भाऊ एकटा पुरा पडेना. सामान टेम्पोत चढलं, खाट मात्र वरच ठेवली. मी डिपॉझिटचं पाकीट तिच्या हातात दिलं — वीस हजार, आणि त्यात गुपचूप आणखी पाच हजार तीनशे शहात्तर. चार उन्हाळ्यांचे कूलरचे युनिट गुणिले आठ. एवढंच जमलं मला. तिने जिन्यावरच बसून मोजले. मग वरचे पैसे वेगळे काढून माझ्यासमोर धरले.

“जास्त आले, काकाजी. तुमचा हिशेब चुकला, पहिल्यांदाच.”

मी ते परत घेतले. होय, घेतले.

मग तिने मागितलं. एकच गोष्ट. “दुसऱ्या कोणाले खोली द्यानच तुम्ही, पण उन्हाळाभर नका देऊ. हे येतीन ना. यायले मी गेल्याचं कळलं नसन. त्यायचं बिल मी पाठवत जाईन. पहिल्या तारखेले फोटो पाठवा मीटरचा.”

मी हो म्हणालो. टेम्पो गेला त्याच दिवशी मी कूलरची लाइन आमच्या मीटरवर घेतली, नव्या वायरीने, बारा मीटर. वर मेन स्विच पाडला, कुलूप लावलं. वाटलं, संपलं.

पण पहिली तारीख तर येणारच होती. शून्य युनिटचा फोटो तिला पाठवायचा? तिसरा उन्हाळा मला आठवत होता. खोटा आकडा लिहायचा? तो मला लिहिता येत नाही. आयुष्यात एकही लिहिलेला नाही. हसू आलं ना तुम्हाला? मलाही आलं असतं.

म्हणून मी वर जातो. दुपारी सुनंदाचा डोळा लागला की. मेन स्विच वर करतो, पंखा लावतो, एक जुना टेबलकूलर नेऊन ठेवला आहे तो लावतो. उशाशी पाण्याचा पेला भरून ठेवतो, कारण ती ठेवायची. आणि दिनेशच्या खाटेवर आडवा होतो. नुसतं स्विच लावून खाली आलो तरी चाललं असतं. पण रिकाम्या खोलीत पंखा फिरत ठेवणं मला बरोबर वाटत नाही. वीज वापरली आहे म्हटलं, तर कुणीतरी वापरलेली असायला हवी.

पहिल्या दिवशी झोप लागली नाही. आता लागते. गाढ लागते. परवा उठलो तर पेला पूर्ण रिकामा होता. मी प्यालो असेन. मला आठवत नाही. सुनंदा खाली घाबरून बसली होती. मी दबकत जिना उतरलो, तर तिने माझा हात घट्ट धरला आणि कुजबुजली, “अहो, वर खाट वाजली. आत्ता.”

मी म्हणालो, मी तपासून येतो.

या महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो पाठवला. पन्नास युनिट, खरे. दहा मिनिटांत मंजुषेचे चारशे रुपये आले. खाली तिने लिहिलं होतं, “त्यायले म्हणा, पाणी पीत जा.”

चारशे रुपये. देणारी मंजुषा. घेणारा मी.